निमित्त मागच्या दिव्याचं

आमच्या गाडीच्या मागच्या नंबर प्लेटभोवती डीलरने स्वतःच्या नावाची काळी प्लास्टिकची चौकट बसवून दिली होती. न्यू जर्सीत अशा चौकटी गल्लोगल्ली दिसतात. प्लेटच्या तळाशी 'गार्डन स्टेट' असं छापलेलं असतं, त्या अक्षरांचा खालचा थोडा भाग चौकटीखाली जायचा. चार वर्षं त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, माझंही नाही. मग 2019 मध्ये एका शनिवारी रात्री, मित्राकडून जेवून परतताना, मागे लाल-निळे दिवे लागले.

पोलीस तरुण होता, बोलायला नम्र होता. प्लेटवरची अक्षरं झाकली गेली आहेत, एवढं एकच वाक्य तो चौकटीबद्दल बोलला. त्यानंतरचे सगळे प्रश्न आमच्याबद्दल होते. कुठून आलात, कुठे चाललात, या भागात कुणाकडे गेला होतात, मला माहीत असायला हवं असं गाडीत काही आहे का. बोलता बोलता त्याच्या टॉर्चचा झोत मागच्या सीटवर गेला. तिथे आमचा दहा वर्षांचा मुलगा तोंड उघडं टाकून झोपला होता आणि त्याच्या पायाशी रिकाम्या डब्यांची पिशवी होती. ते पाहिल्यावर त्याचा आवाज सैल झाला. तिकीट नाही, लेखी वॉर्निंगही नाही. सात-आठ मिनिटांत आम्ही मार्गाला लागलो. घर येईपर्यंत बायको आणि मी एकमेकांशी बोललो नाही.

मराठीत कारण आणि निमित्त असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांतला फरक शाळकरी पोरालाही कळतो. पोट दुखतं हे निमित्त, गणिताचा पेपर हे कारण. त्या रात्री चौकट हे निमित्त होतं. कारण काय होतं ते मला आजही ठाऊक नाही. रात्रीची वेळ असेल, त्या भागात नवखी वाटलेली गाडी असेल, काचेतून दिसलेला सावळा चेहरा असेल, किंवा यांतलं काहीच नसेल. मला खुपतं ते हे, की ते सांगायला तो पोलीस बांधील नव्हता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये कारण आणि निमित्त यांच्यातला फरक कायद्यापुरता पुसून टाकलेला आहे.

तो खटला 'रेन विरुद्ध अमेरिका' या नावाने ओळखला जातो. 1993 च्या जूनमध्ये वॉशिंग्टन शहरात साध्या वेशातले काही पोलीस, पोलिसांची कुठलीही खूण नसलेल्या गाडीतून, अमली पदार्थांसाठी बदनाम असलेल्या भागात फिरत होते. स्टॉप साइनपाशी एक नवीकोरी पाथफाइंडर वीसएक सेकंद थांबून राहिलेली त्यांना दिसली. आत दोन कृष्णवर्णीय तरुण. पोलिसांनी गाडी वळवली, तशी पाथफाइंडर इंडिकेटर न देता वळून वेगात निघाली. पोलिसांनी ती अडवली आणि आत कोकेनच्या पिशव्या दिसल्या. या पोलिसांचं काम वाहतूक नियमन नव्हतं. उलट, साध्या वेशातल्या पोलिसांनी, तातडीचा धोका असल्याखेरीज, वाहतुकीच्या नियमांसाठी गाड्या अडवू नयेत असा त्यांच्याच खात्याचा नियम होता. आरोपींच्या वकिलांनी मांडलेला मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो: गाडी चालवण्याचे नियम इतके बारीक आणि इतके जास्त आहेत की सगळे पाळणं जवळजवळ अशक्य आहे, म्हणून पोलिसाला हवा तो माणूस हवा तेव्हा अडवता येतो. न्यायालयाने एकमताने उत्तर दिलं की नियम मोडला होता ना, मग पोलिसाच्या मनात काय होतं याच्याशी, अवाजवी झडती आणि अटकेपासून नागरिकाला वाचवणाऱ्या चौथ्या घटनादुरुस्तीला कर्तव्य नाही. निकाल न्यायमूर्ती अँटनिन स्कॅलिया यांनी लिहिला. वर्णावरून कुणाला वेगळी वागणूक मिळाली असेल तर त्यासाठी घटनेतलं समान संरक्षणाचं कलम आहे, असंही त्यात म्हटलं. त्या कलमाखाली भेदभावाचा हेतू सिद्ध करावा लागतो, आणि एका माणसाने एका रात्री एका पोलिसाचा हेतू सिद्ध करायचा कसा, याचं उत्तर निकालात नाही.

म्हणजे, पोलीस किरकोळ नियमभंगाचं निमित्त करून गाड्या अडवतात का, या प्रश्नाला फारसा अर्थच उरलेला नाही. अडवतात, आणि ते लपवायची त्यांना गरजही नाही. अमली पदार्थविरोधी केंद्रीय यंत्रणेने 1984 पासून 'ऑपरेशन पाइपलाइन' या नावाखाली राज्याराज्यांतल्या महामार्ग पोलिसांना हेच शिकवलं: वाहतुकीच्या कारणासाठी गाडी थांबवा, गप्पा मारा, माणूस वाचा, डिकी उघडून पाहू का विचारा. खरा प्रश्न पुढचा आहे. हे असं चालू द्यावं का? माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे, आणि ते फक्त वर्णभेदामुळे नाही.

आधी एका विझलेल्या दिव्यापासून माणूस कुठवर पोचतो ते पाहू. 1973 मधल्या एका खटल्याची सुरुवात कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये झाली होती. गाडीचा एक हेडलाइट आणि नंबर प्लेटवरचा दिवा बंद होता. पोलिसाने गाडी तपासून पाहू का विचारलं, गाडीतला माणूस हो म्हणाला, चोरीचे धनादेश सापडले. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तुला नाही म्हणायचा हक्क आहे हे पोलिसाने सांगायची गरज नाही. 1977 मध्ये ठरलं की चालकाला कारण न देता गाडीबाहेर उतरवता येतं. 1997 मध्ये तेच इतर प्रवाशांना लागू झालं. 2001 मध्ये टेक्सासमधल्या एका आईचा खटला आला. सीटबेल्ट न लावल्याबद्दल तिला बेड्या घालून नेलं होतं, आणि त्या गुन्ह्याची कमाल शिक्षा 50 डॉलर दंड होती. पाच विरुद्ध चार मतांनी ती अटक वैध ठरली. 2014 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातला खटला तर वाचताना हातातला चहा निवला. एक ब्रेक लाइट बंद म्हणून गाडी अडवली होती, आणि त्या राज्याच्या कायद्यानुसार एकच चालू दिवा पुरत होता. नियम मोडलाच नव्हता! तरी पोलिसाची कायद्याबद्दलची चूक रास्त होती म्हणून झडती वैध. नागरिकाला कायद्याचं अज्ञान ही सबब चालत नाही, हे आपण शाळेत शिकतो. पोलिसाला ती चालते. विरोधात एकट्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर राहिल्या.

यांतला प्रत्येक निकाल सुटा वाचला तर त्यात काहीतरी समजण्यासारखं सापडतं. रात्री एकट्या पोलिसाला धोका असतो, खरं आहे. पण सगळे एकापुढे एक ठेवले की एक जिना तयार होतो. त्याची पहिली पायरी म्हणजे धुळीने माखलेला दिवा आणि शेवटची पायरी म्हणजे कोठडी.

पहिल्या पायरीवर मी रेंगाळतो, कारण माझ्या मते सगळा दोष तिथेच आहे. न्यू जर्सी टर्नपाइक या टोलच्या महामार्गावर नव्वदच्या दशकात जॉन लॅम्बर्थ नावाच्या संख्याशास्त्र जाणणाऱ्या मानसशास्त्रज्ञाने एका खटल्यासाठी मोजणी केली. स्वतःची गाडी ठरावीक वेगाने ठेवून कोण पुढे जातं आणि कोण मागे राहतं, एवढंच त्याच्या पथकाने टिपलं. शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांहून अधिक गाड्या वेगमर्यादा ओलांडत होत्या. कृष्णवर्णीय माणूस असलेल्या गाड्या रस्त्यावर सुमारे 13.5 टक्के होत्या, वेग मोडणाऱ्यांत 15 टक्के, आणि पोलिसांनी अडवलेल्यांत सुमारे 35 टक्के. 1996 मध्ये ग्लूस्टर काउंटीच्या न्यायाधीशांनी हा पुरावा मान्य केला. 1998 मध्ये त्याच टर्नपाइकवर बास्केटबॉलच्या शिबिराला निघालेल्या चार तरुणांच्या व्हॅनवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा कुठे राज्य हललं. 1999 मध्ये राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी वर्णावरून गाड्या अडवल्या जातात हे कबूल केलं आणि राज्य पोलीस दहा वर्षं केंद्रीय देखरेखीखाली गेले.

या आकड्यांतून बहुतेक लोक 15 आणि 35 उचलतात. ते उचलायलाच हवेत. मला 98 हा आकडा त्याहून जास्त अस्वस्थ करतो. जो नियम जवळजवळ प्रत्येक जण मोडतो, तो वागणुकीचा नियम उरत नाही. त्यातून फक्त अधिकार उरतो, कुणाला पकडायचं ते निवडायचा. रॉबर्ट जॅक्सन 1940 मध्ये देशाचे अ‍ॅटर्नी जनरल होते, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारी वकिलांसमोर बोलताना त्यांनी याच धोक्याकडे बोट दाखवलं होतं: कायद्याच्या पुस्तकांत गुन्हे इतके आहेत की आधी माणूस निवडून मग त्याच्यावर बसेल असा गुन्हा शोधणं सहज शक्य आहे. ते वकिलांबद्दल बोलत होते, आणि वकिलाला निदान कागद तरी तयार करावे लागतात. रस्त्यावर हीच निवड गाडी समोरून जाते तेवढ्या वेळात होते आणि तिची नोंद कुठेच नसते. आपल्याकडे 'निमित्ताला टेकलेला' असा शब्दप्रयोग आहे. वाहनकायद्याचं जाडजूड पुस्तक हाती असलेला कुठलाही पोलीस, तो स्वभावाने कितीही भला असो, कायमचा निमित्ताला टेकवलेला असतो. ही व्यक्तीबद्दलची तक्रार नाही. त्याला तसं टेकवून आपण ठेवलं आहे.

आणि निवडीचा अधिकार आला की ती कुणाच्या वाट्याला येते, हे सांगायला आता अंदाजाची गरज नाही. स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी जवळजवळ दहा कोटी थांब्यांच्या, म्हणजे पोलिसांनी गाडी अडवल्याच्या, नोंदी तपासून 2020 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांची एक युक्ती मला फार आवडली. संध्याकाळची एकच वेळ घ्यायची, समजा सात. हिवाळ्यात त्या वेळी अंधार असतो, उन्हाळ्यात उजेड. अंधारात चालकाचा चेहरा लांबून दिसत नाही. तर अंधार पडल्यावर अडवलेल्यांमधलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण कमी होतं. रस्ता, घड्याळातली वेळ, नोकरीवरून परतणारी माणसं, सगळं बहुतांशी तेच. कमी झाला फक्त उजेड. त्याच अभ्यासात हेही दिसलं की झडतीसाठी कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक चालकांच्या बाबतीत कमी संशय पुरतो. मिझुरीतल्या फर्ग्युसन शहराबद्दल केंद्रीय न्याय खात्याने मार्च 2015 मध्ये दिलेला अहवाल आणखी उघड बोलतो. शहरात कृष्णवर्णीय 67 टक्के, अडवलेल्यांत 85 टक्के. त्यांची झडती दुपटीहून अधिक वेळा व्हायची, आणि तरी त्यांच्याकडे आक्षेपार्ह वस्तू सापडण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा 26 टक्क्यांनी कमी होतं. डोंगर पोखरून उंदीर काढण्याची म्हण आपल्याला पाठ आहे. इथे डोंगराच्या जागी माणसं आहेत.

माझ्या त्या शनिवारनंतरच्या सोमवारी मी ऑफिसात ही हकिगत सांगितली. आमच्या टीममधला एक कृष्णवर्णीय सहकारी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, ऐकत होता. त्याने विचारलं, "सात मिनिटांत सोडलं?" त्याच्या स्वरात कुत्सितपणा नव्हता, नुसतं कुतूहल होतं. मग त्याने सांगितलं की तो लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स एका क्लिपमध्ये अडकवून सन व्हायजरला लावून ठेवतो. हात कधी डॅशबोर्डच्या कप्प्याकडे जाऊ नये म्हणून. दिवे दिसले की आधी आतला दिवा लावायचा, चारही काचा खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पसरलेली. हे त्याला वडिलांनी शिकवलं आणि त्याने मुलीला शिकवलं. मी गाडी चालवायला शिकलो तेव्हा मला समांतर पार्किंग शिकवलं होतं.

फिलँडो कॅस्टील हे नाव त्या दिवशी त्याच्याच तोंडून निघालं. मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये शाळेच्या कॅफेटेरियात काम करणारा 32 वर्षांचा माणूस. 6 जुलै 2016 ला त्याची गाडी अडवली गेली. ब्रेक लाइट बंद आहे, असं पोलिसाने त्याला सांगितलं. त्याआधी रेडिओवर तोच पोलीस सांगत होता की गाडीतली माणसं दरोड्यातल्या संशयितांसारखी दिसतात, चालकाचं नाक रुंद आहे. कॅस्टीलने स्वतःहून, शांतपणे, आपल्याकडे परवानाधारक पिस्तूल असल्याचं सांगितलं. काही सेकंदांत सात गोळ्या. शेजारी त्याची जोडीदार होती आणि मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. पुढे पोलिसाला ज्यूरीने निर्दोष सोडलं. नंतर पत्रकारांनी नोंदी काढल्या तेव्हा कळलं की गाडी चालवायला लागल्यापासून कॅस्टीलला किमान 46 वेळा अडवलं होतं, दंडांची बेरीज 6 हजार डॉलरच्या वर गेली होती, आणि बाहेरून दिसेल अशा चुकीसाठी, म्हणजे वेग किंवा फुटका सायलेन्सर अशासाठी, अडवल्याचे प्रसंग फक्त सहा होते. शेचाळीस वेळा कागद काढून दाखवणारा माणूस सत्तेचाळिसाव्या वेळी हात कुठे ठेवायचे हे जाणत असणारच.

डॉन्टे राइट वीस वर्षांचा होता. 11 एप्रिल 2021 ला त्याला अडवलं तेव्हा रजिस्ट्रेशनच्या स्टिकरची मुदत संपली होती आणि आरशाला एअर फ्रेशनर लटकत होता. त्याच थांब्यात पोलिसाच्या गोळीने तो गेला. आपल्या किती गाड्यांत आरशाला गणपती, जपमाळ, लिंबू-मिरचीचं प्लास्टिकचं शोभेचं तोरण लटकतं ते आठवा.

आता दुसरी बाजू. ती पोकळ नाही, म्हणून सावकाश घेतो.

पोलिसांच्या बाजूने नेहमी पहिलं नाव येतं टिमथी मॅकव्हेचं. 19 एप्रिल 1995 ला ओक्लाहोमा सिटीत स्फोट करून 168 माणसं मारल्यावर तो गाडीने पळाला, आणि दीडएक तासात महामार्गावरच्या एका पोलिसाने मागची नंबर प्लेट नाही म्हणून त्याला अडवलं. कोटाखाली पिस्तूल सापडलं, अटक झाली. न्यू यॉर्कमध्ये एकामागून एक खून करणारा डेव्हिड बर्कोविट्झ 1977 मध्ये अग्निशामक नळापाशी गाडी लावल्याच्या तिकिटावरून सापडला. बघा, किरकोळ नियमांनी केवढे मोठे गुन्हेगार पकडले, असा युक्तिवाद. पण ही वडाची साल पिंपळाला लावणं झालं. मॅकव्हेला अडवणाऱ्या पोलिसाला त्याच्यावर कसलाच संशय नव्हता. प्लेट नव्हती म्हणून त्याने प्लेट नसलेली गाडी अडवली. कारण तेच, निमित्तही तेच. बर्कोविट्झच्या गाडीला तिकीट लावणाऱ्याच्या मनात अग्निशामक नळाखेरीज काही नव्हतं. ही दोन्ही उदाहरणं सरळ, प्रामाणिक अंमलबजावणीची आहेत. माझा आक्षेप तिला नाही, आणि ती बंद करा असं मी म्हणतही नाही.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे. 1992-93 मध्ये कॅन्सस सिटीच्या एका छोट्या, हिंसाचाराने पोळलेल्या गस्तभागात जादा पोलीस लावून, बऱ्याच अंशी वाहतुकीच्या थांब्यांमधून, बेकायदा बंदुका शोधल्या गेल्या. जप्ती 65 टक्क्यांनी वाढली आणि बंदुकीचे गुन्हे 49 टक्क्यांनी घटले. त्या वस्तीत राहणाऱ्या आईला हा आकडा दाखवला तर ती माझा लेख फाडून टाकेल, आणि तिला दोष देता येणार नाही. पण तो प्रयोग काही गल्ल्यांचा, काही महिन्यांचा होता. शहराशहरांनी त्यातलं 'गाड्या अडवा' तेवढं उचललं, 'नेमकी जागा' सोडून दिलं. नॅशव्हिलमध्ये याचा हिशेब मांडला गेला. तिथले पोलीस प्रचंड संख्येने गाड्या अडवायचे. 2018 मधल्या पाहणीत त्या थांब्यांमुळे गुन्हे कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या फेटव्हिलमध्ये हॅरल्ड मेडलॉक पोलीसप्रमुख असताना त्यांनी उलट आदेश दिला: दिवे आणि स्टिकर सोडा, वेग, सिग्नल तोडणं आणि दारू पिऊन चालवणं यांवर लक्ष द्या. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की अपघाती मृत्यू कमी झाले, वर्णागणिक दरी घटली, आणि वाहतुकीबाहेरचे गुन्हे वाढले नाहीत.

वाहतूक सुरक्षेबद्दल मला स्वतःच्याच बाजूच्या लोकांशी भांडायचं आहे. 2021 मध्ये या देशात रस्त्यांवर जवळजवळ 43 हजार माणसं गेली. पोलिसांनी गाड्या अडवणंच थांबवावं असं म्हणणाऱ्यांनी आमच्या राज्याकडे पाहावं. 2023 च्या उन्हाळ्यात राज्य पोलिसांच्या 60 लाखांहून अधिक थांब्यांचा अभ्यास बाहेर आला आणि कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक चालकांशी होणारा भेदभाव पुन्हा एकदा दिसला. त्यानंतर काही महिने राज्य पोलिसांनी तिकिटं देणंच एकदम कमी केलं. वेगाची, बेदरकार चालवण्याची, दारूची, सगळीच. त्या काळात अपघात वाढले. टीका झाली म्हणून खरं कामच बाजूला ठेवणं ही माझ्या लेखी अक्षम्य गोष्ट आहे. शाळेसमोरून सत्तरच्या वेगाने जाणाऱ्याला अडवणं आणि विझलेल्या दिव्याखातर कुणाच्या डिकीत डोकावणं ही एकाच खात्याची दोन कामं नाहीत. पहिल्यात पोलीस गाडीकडे बघतो, दुसऱ्यात माणसाकडे. दोन्हींना 'ट्रॅफिक स्टॉप' हा एकच शब्द वापरला की दुसरं पहिल्याच्या आडोशाला उभं राहतं.

म्हणून उपायही तिथूनच निघतात. फिलाडेल्फियाने 2021 मध्ये कायदा केला आणि मार्च 2022 पासून आठ किरकोळ गोष्टी, जसं एखादा बंद दिवा, आरशाला लटकवलेली वस्तू, बंपरचं लहानसं नुकसान, एवढ्यासाठीच गाडी अडवणं बंद केलं. गुन्हा पुसला नाही. त्याची सूचना टपालाने पाठवता येते. व्हर्जिनियाने मार्च 2021 पासून राज्यभर असंच केलं, आणि त्यात खरा दात घातला: या नियमाविरुद्ध अडवून मिळालेला पुरावा न्यायालयात चालणार नाही. लॉस एंजेलिसच्या पोलिसांना मार्च 2022 पासून निमित्ताने गाडी अडवायची असेल तर आपला संशय कशावरून आहे ते अंगावरच्या कॅमेऱ्यासमोर बोलावं लागतं. मला हा शेवटचा नियम सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत उपयोगी वाटतो. मनातलं कारण मोठ्याने उच्चारायला लागलं की पुष्कळ कारणं घशातच अडकतील. न्यायालयांना हेतू तपासता येत नाही हा रेन निकालाचा सूर होता, पण वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये स्वतःच्या राज्यघटनेवर बोट ठेवून निमित्ताचे थांबे बेकायदा ठरवले. 2012 मध्ये त्याच न्यायालयाने त्यात पळवाट ठेवली, खरं कारणही सोबत असेल तर मिसळलेला हेतू चालेल. तरी, तपासता येतच नाही हे म्हणणं टिकलं नाही एवढं नक्की.

न्यू जर्सीनेही 2002 मध्ये एक शहाणपणाची गोष्ट केली. इथे रास्त संशय असल्याशिवाय पोलिसाने अडवलेल्या चालकाकडे झडतीची परवानगी मागायचीसुद्धा नाही. आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासमोर नेमकी माझी चौकट आली. चौकटीने अक्षरांचा लहानसा भाग झाकला पण मजकूर वाचता येतो, तर तो नियमभंग नाही, असा निकाल लागला. म्हणजे त्या शनिवारी मला अडवायला निमित्तसुद्धा नव्हतं. निकालाची बातमी वाचून मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या निकालात दुसराही एक माणूस होता. त्याच्या गाडीवरची 'गार्डन स्टेट' ही अक्षरं पूर्ण झाकली गेली होती, आणि त्याचा थांबा वैध ठरला. दोन गाड्यांच्या चौकटींत बोटभराचा फरक, आणि त्यावर दोन आयुष्यांचा हिशेब.

विरोधही जोरात आहे. मेम्फिसमध्ये जानेवारी 2023 मध्ये टायरी निकल्सला रस्त्यात अडवून पोलिसांनी इतकं मारलं की तीन दिवसांनी तो गेला. तो बेदरकार चालवत होता याला पुरावा मिळाला नाही असं पोलीसप्रमुखांनीच सांगितलं. शहराने त्याच वर्षी किरकोळ कारणांचे थांबे बंद केले. 2024 च्या मार्चमध्ये टेनेसी राज्याने नवा कायदा करून शहराचा तो नियमच मोडीत काढला.

आपल्या मंडळींशी एक बोलायचं आहे. हा विषय निघाला की महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, हमखास ऐकू येतं: "आपण नियम पाळावेत, आपल्याला कोण काय करतंय?" मीही हे म्हणत आलो होतो. आपण सगळेच नियम पाळत नाही हे टर्नपाइकवरच्या त्या मोजणीने केव्हाच दाखवलं आहे. आपल्याला सोडून देतात, एवढाच त्याचा अर्थ. मागच्या सीटवरचा झोपलेला मुलगा, डब्यांची पिशवी, बोलण्यातली अदब, हातातलं कंपनीचं ओळखपत्र, यांमुळे आपण 'तसले' नाही असं कुणीतरी ठरवतं. सवलत म्हणून मिळालेल्या गोष्टीला हक्क समजून आपण ज्यांना ती मिळत नाही त्यांनाच नियम शिकवायला जातो. 1992 मध्ये मेरीलँडच्या महामार्गावर रॉबर्ट विल्किन्स नावाचा वकील आजोबांच्या अंत्यविधीहून कुटुंबासोबत परतत होता. हार्वर्डमध्ये कायदा शिकलेला माणूस. झडतीला त्याने नकार दिला, तर कुत्रा येईपर्यंत सगळ्यांना रस्त्याकडेला पावसात उभं केलं. कुत्र्याला काही सापडलं नाही. आज तो माणूस केंद्रीय अपील न्यायालयात न्यायाधीश आहे. अदब, शिक्षण, कायद्याचं ज्ञान, यांतलं काय त्याच्याकडे कमी होतं?

आमचा तो झोपलेला मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. न्यू जर्सीत शिकाऊ आणि नव्या तरुण चालकांनी पुढच्या-मागच्या नंबर प्लेटच्या कोपऱ्यात लाल स्टिकर लावायचा असतो, 2010 पासून. रस्ता सुरक्षित व्हावा हाच त्यामागचा हेतू आहे, आणि मी तो त्याच्या गाडीला लावला. लावताना मनात आलं की लावला तर लांबून कळेल आत पोरगा आहे, नाही लावला तर अडवायला कारण मिळेल. डीलरची चौकट मी तेव्हाच काढून टाकली. मग त्याला शेजारी बसवून सांगितलं: दिवे दिसले की आतला दिवा लाव, काचा खाली घे, हात स्टिअरिंगवर, बोटं पसरून. तो म्हणाला, "बाबा, हे ड्रायव्हिंग टेस्टमध्ये विचारतात का?" मी नाही म्हटलं, आणि लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स एका क्लिपमध्ये अडकवून त्याच्या सन व्हायजरला लावलं.